गियरची की बिनगियरची? तुमचे अनुभव सांगा

फोंडा-पणजी रोज जाऊन येऊन साठेक किलोमीटर, अकरा वर्षं गियरची गाडी. वाटेत भोमला रांग लागली की पहिला, न्यूट्रल, परत पहिला करत डावा गुडघा बोलायला लागतो. बायको म्हणते ऑटोमॅटिक घे. शोरूमवाला म्हणतो एएमटी घ्या (साधाच गियरबॉक्स, पण क्लच-गियर यंत्र सांभाळतं), स्वस्तात पडेल. काका "क्लच नाही ती गाडी कसली?" म्हणून मोकळे. ज्यांनी रोज चालवली आहे त्यांनी लिहा: कुठला गियरबॉक्स, कुठला रस्ता, कुठे फसलात. ॲव्हरेजचे आकडे माहितीपत्रकात आहेत, ते नकोत.

दिवाडीहून
एएमटीच आहे, चौथं वर्ष. सपाटीला तक्रार नाही. गियर बदलताना हलका हिसका बसतो. त्या क्षणी ॲक्सिलरेटर जरा सैल सोडला की तोही जाणवत नाही. खरी परीक्षा झाली ती फेरीबोटीच्या धक्क्यावर. ओहोटी होती, चढ उघडा पडलेला, खालचा भाग शेवाळलेला. पुढची गाडी मध्येच थांबली, मीही थांबलो. ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी हातभर मागे! मागे मासळीची पाटी घेतलेली स्कूटरवाली बाई. ती काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून चढाला हँडब्रेक ओढतो, ॲक्सिलरेटर देतो, गाडीने ओढ घेतली की हँडब्रेक सोडतो. म्हणजे जुनी विद्याच कामाला आली. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावरही गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, आहे का ते घेण्याआधी विचारा.

मडगावहून, गॅरेजवाला
एएमटीत क्लच नसतो हे डोक्यातून काढा. गियरबॉक्स साधाच, क्लच प्लेटही असते. फक्त तुमच्या पायाऐवजी यंत्र क्लच दाबतं. चढावर ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारे माझ्याकडे प्लेट जाळून येतात. ड्युअल क्लचमध्ये तर दोन क्लच, एक सम गियरांना, एक विषम. त्यालाही हे सोसत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ओढ तेलामार्फत पुढे जाते, सीव्हीटीत पट्टा आणि पुल्यांवरून. चारही गोष्टी 'ऑटोमॅटिक' म्हणूनच विकतात, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच विचारत नाही. बॅटरी उतरली तर धक्का मारून गाडी सुरू होणार नाही. बंद पडली तर दोरीने ओढू नका, उचलूनच आणा.

वाळपईहून
महिन्यातून दोनदा चोर्ला घाटाने बेळगाव. माझी गियरची, दुसऱ्यात टाकून निवांत उतरतो. गेल्या पावसाळ्यात मेहुण्याची टॉर्क कन्व्हर्टर घेऊन गेलो. चढताना मजा आली, खोटं कशाला बोलू. उतरताना धुकं, पुढे ट्रक, आणि डी (ड्राइव्ह) मध्ये असलेली गाडी आपल्या मनाने वरचा गियर घेत सुटली. मी ब्रेकवर ब्रेक. खाली पोचेपर्यंत जळका वास. मेहुणा शांतपणे म्हणाला, "भावोजी, दांडा मॅन्युअलला ओढायचा होता." आधी सांगायला काय झालं होतं?

म्हापशाहून
मी बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. गियरच्या गाडीत शुक्रवारच्या बाजाराला जायचं म्हणजे आदल्या रात्री झोप नाही. चढावर बंद पडली की मागून हॉर्न, आणि माझे हातपाय गार. आता सीव्हीटी आहे. जोरात दाबली की इंजिन नुसतं घोंघावतं आणि गाडी मागाहून पळते, म्हणून मुलगा नाकं मुरडतो. त्याने मुरडावीत. मी मात्र एकटी बांद्यापर्यंत जाऊन येते.

परत फोंड्याहून
सगळ्यांचे आभार. काल एएमटी चालवून पाहिली. शोरूमवाल्याने सरळ चौपदरी रस्त्यावर नेली. मी म्हटलं, पणजीत आल्तिनोच्या चढावर चल. तो गप्प झाला, पण आला. अर्ध्या चढावर थांबवली, ब्रेक सोडला. दोन सेकंद जागची हलली नाही. हिल होल्ड होता. मग उतारावर सवयीने क्लच दाबायला डावा पाय घातला तो ब्रेकवरच, आणि शोरूमवाल्याचं कपाळ डॅशबोर्डपर्यंत. त्याने आज फोन केलेला नाही. रविवारी मित्राची सीव्हीटी घेऊन भोममधून जाणार आहे, डावा पाय सीटखाली दुमडून.