पेल एलसाठी कोरडे यीस्ट: कोणते घ्यावे आणि भिजवावे का?

प्रश्न (लीड्स, इंग्लंड):
मी घरी 20 लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) करणार असून वर्टची (आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड रसाची) सुरुवातीची घनता पाण्याच्या तुलनेत 1.050 च्या आसपास राहील. दुकानात सेफएल यूएस-05 आणि एस-04 ही दोन्ही यीस्ट 11.5 ग्रॅमच्या पाकिटात मिळतात. ते सरळ वर्टवर भुरभुरावे की आधी पाण्यात भिजवावे, याबद्दल जुनी पुस्तके एक सांगतात आणि पाकीट दुसरेच. द्रव यीस्टसारखे स्टार्टरही (यीस्ट आधी थोड्या वर्टमध्ये वाढवून घेणे) करावे लागेल का? खोलीत रात्री 17 आणि दुपारी 20 अंश सेल्सिअस तापमान असते.

उत्तर 1:
आपल्या खोलीला दोन्ही चालतील. प्रश्न चवीचा आहे. यूएस-05 स्वच्छ आंबवते आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) गंध पुढे येऊ देते, पण तळाशी सावकाश बसते. एस-04 थोडा फळांचा स्वाद देते आणि तिचा गाळ इतका घट्ट बसतो की बाटल्या भरताना तो सहसा हलत नाही. इंग्लिश माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) वापरणार असाल तर मी एस-04 घेईन. मात्र आंबण्याचा जोर असताना वर्ट खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी गरम होते, त्यामुळे तापमापक भिंतीला न लावता फर्मेंटरलाच (आंबवण्याच्या भांड्यालाच) चिकटवा.

उत्तर 2:
स्टार्टर मुळीच करू नका. कोरड्या यीस्टच्या पेशींत कारखान्यातच स्टेरॉलचा (पेशीच्या आवरणाला लागणाऱ्या स्निग्ध द्रव्याचा) साठा भरलेला असतो आणि स्टार्टरमध्ये तो खर्ची पडतो. याच साठ्यामुळे पहिल्या वापराला वर्टमध्ये वेगळा ऑक्सिजन सोडण्याचीही फारशी गरज पडत नाही.

भिजवण्यामागचे कारण असे, की कोरड्या पेशीचे आवरण पाणी शोषताना पहिली काही मिनिटे आत काय येते ते रोखू शकत नाही आणि दाट, साखरयुक्त वर्टमध्ये काही पेशी मरतात. परंतु 1.050 च्या वर्टला 11.5 ग्रॅम यीस्ट पुरून उरते आणि आता उत्पादकही सरळ टाकण्यास मान्यता देतात. पातळ थरात भुरभुरा, ढीग करू नका, कारण मधले दाणे कोरडेच राहतात. भिजवायचेच असेल तर दहापट वजनाचे, उकळून 25 ते 29 अंशांपर्यंत निववलेले पाणी घ्या. माझ्या मते यापेक्षा पाकिटाची तारीख आणि दुकानात ते फ्रिजमध्ये होते की खिडकीत, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. एस-04 घेतो. बिअर बनवण्याच्या किटच्या झाकणाखाली 5 ग्रॅमचे नाव नसलेले पाकीट आले आहे, ते सोबत टाकावे का?

उत्तर 2:
नको. ते कोणते यीस्ट आहे हे कळत नाही आणि एस-04 चे एक पाकीट पुरेसे आहे. लागर (थंड तापमानाला आंबवली जाणारी बिअर) असते तर गोष्ट वेगळी. थंड तापमानाला डब्ल्यू-34/70 हे लागरचे यीस्ट वापरताना एवढ्याच वर्टला मी दोन पाकिटे टाकतो.