लग्नाआधी लैंगिक आजारांच्या चाचण्या : नेमक्या कोणत्या आणि कुठे कराव्यात?

ऐरोलीची_वाचक :
माझे लग्न ठरले आहे. आम्हा दोघांचेही पूर्वी एकेक नाते होते आणि ते आम्ही एकमेकांपासून लपवलेले नाही. माझे नाते संपून काही वर्षे झाली; त्याचे मात्र स्थळे पाहणे सुरू झाले त्या सुमारास, म्हणजे साधारण दोन महिन्यांपूर्वी संपले. दोघांनाही कसलाच त्रास नाही, तरीही लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांच्या चाचण्या लग्नाआधी करून घ्याव्यात, असे आम्ही ठरवले आहे. अडचण अशी की आमचे फॅमिली डॉक्टर वडिलांचे मित्र आहेत, आणि घराजवळच्या लॅबमध्ये चौकशी केली तेव्हा 'फुल बॉडी चेकअप'चे पत्रक हाती आले, ज्यात साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल सारे काही आहे, पण एचआयव्हीचा उल्लेखसुद्धा नाही. कोणत्या चाचण्या नावाने मागाव्यात, ठाणे-नवी मुंबईत कुठे जावे आणि घरी काही कळण्याची शक्यता आहे का, हे कृपया सांगावे.

माजी_समुपदेशक :
मी ठाणे जिल्ह्यातील एका सरकारी केंद्रात समुपदेशनाचे काम केले आहे, म्हणून 'कुठे' या प्रश्नाचे उत्तर देतो. सरकारी व महापालिका रुग्णालयांत एचआयव्हीसाठी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते, ज्याला सर्वजण आयसीटीसी म्हणतात. तुम्हाला वाशीचे महापालिका रुग्णालय किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय सोयीचे पडेल. तेथे चाचणी मोफत होते आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी किंवा सोबत नातेवाईक लागत नाही. आधी समुपदेशक तुमच्याशी एकट्याने बोलतात, तुमची संमती घेतात, मग रक्त घेतले जाते, आणि अहवाल सांगतानाही पुन्हा बोलणे होते. पहिल्या किटवर काही आढळले तर आणखी दोन वेगळ्या किटवर तपासल्याशिवाय कोणालाही 'बाधित' म्हटले जात नाही.

घरी कळण्याबद्दल सांगायचे तर, २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, तसेच अहवाल गोपनीय ठेवावा लागतो. तुम्ही दोघे एकत्र गेलात तरी बोलणे आणि अहवाल वेगवेगळे असतात. तो एकमेकांना दाखवायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचे. जाण्यापूर्वी काही विचारायचे असल्यास १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. गर्दी असते आणि केसपेपरच्या रांगेत ओळखीचे कोणी भेटू शकते, हे मात्र मी नाकारणार नाही. तो संकोच फार वाटत असेल तर घरापासून दूरचे रुग्णालय निवडावे.

त्वचारोग_डॉक्टर :
'कोणत्या' या प्रश्नाआधी 'केव्हा' हा प्रश्न येतो, कारण संसर्ग झाल्यावर तो चाचणीत दिसू लागेपर्यंत काही काळ जावा लागतो. एचआयव्हीची चौथ्या पिढीची चाचणी, म्हणजे जी विषाणूचे प्रतिजन (त्याचा स्वतःचा अंश) व शरीरातील प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) दोन्ही शोधते, ती शिरेतून घेतलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत केली असता सहा आठवड्यांनंतर विश्वासार्ह मानली जाते. फक्त प्रतिपिंडे शोधणाऱ्या झटपट चाचणीसाठी मात्र तीन महिने धरावे लागतात. सिफिलिससाठीची व्हीडीआरएल चाचणीही तीन महिन्यांनी पक्की समजावी. त्यामुळे आपल्या होणाऱ्या पतींनी आता तपासणी जरूर करावी, पण निगेटिव्ह अहवाल हाती आला तरी तीन महिने पूर्ण झाल्यावर ती पुन्हा करावी. आपल्या बाबतीत हा प्रश्न उरत नाही.

रक्तावर एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी (विषाणूमुळे होणारी कावीळ) साठी एचबीएसएजी आणि हिपॅटायटिस सी, एवढ्या चाचण्या नावाने मागाव्यात. हिपॅटायटिस बी निगेटिव्ह आल्यास आणि पूर्वी लस घेतलेली नसल्यास सहा महिन्यांत तीन डोस घेऊन टाकावेत, हे बहुतेक जोडप्यांना कोणी सांगतच नाही.

गनोरिया आणि क्लॅमिडिया हे जिवाणूंमुळे होणारे लैंगिक आजार मात्र रक्तात शोधत नाहीत. पुरुषाने किमान तासभर लघवी न करता, नंतरच्या लघवीचा अगदी सुरुवातीचा भाग द्यायचा असतो. मधली धार घेतली की नमुना वाया जातो, आणि लॅबमध्ये सवयीने मधलीच धार मागतात. स्त्रियांसाठी योनीमार्गातील स्वॅब अधिक चांगला आणि तो स्वतः घेता येतो. 'न्यूक्लिइक ॲसिड' पद्धतीची, म्हणजे जंतूचे जनुकीय द्रव्य शोधणारी, ही चाचणी मोठ्या खासगी लॅबमध्येच मिळते आणि महाग असते, तरीही आपण ती टाळू नये असे माझे मत आहे, कारण क्लॅमिडियाची बाधा झालेल्या बहुतांश स्त्रियांना काहीही जाणवत नाही आणि उपचार न झाल्यास गर्भनलिकांना इजा होऊन पुढे मूल होण्यात अडथळा येऊ शकतो. लक्षणे नसताना जननांगांवर फोड आणणाऱ्या हर्पिसच्या रक्तचाचणीचा आग्रह धरू नये. तिच्या निष्कर्षातून गोंधळच अधिक होतो.

कोपरीकर :
दोघांनाही त्रास नाही, मग एवढा खर्च कशाला? रक्तदान शिबिरात रक्त दिले की एचआयव्ही आणि कावीळ आपोआप तपासली जाते, शिवाय पुण्यही पदरी पडते.

त्वचारोग_डॉक्टर :
कोपरीकर, हे कृपया कोणी करू नये. नुकताच झालेला संसर्ग रक्तपेढीच्या चाचणीतूनही निसटू शकतो आणि तो थेट रुग्णाच्या शरीरात जातो. शंका असताना रक्तदान टाळणे हेच योग्य. त्याचप्रमाणे लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' अशा जाहिराती पाहून किंवा मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या घेणारेही माझ्याकडे येतात. अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे लक्षणे दबतात आणि चाचणीही नीट येत नाही.

ऐरोलीची_वाचक :
दोघांचेही मनापासून आभार. एक शेवटची शंका : समजा काही निघालेच तर लग्न पुढे ढकलावे लागेल का, आणि त्याची दुसरी चाचणी होईपर्यंत काय काळजी घ्यावी?

माजी_समुपदेशक :
दुसरी चाचणी होईपर्यंत संबंध आलाच तर प्रत्येक वेळी निरोध वापरावा. लग्नाचे म्हणाल तर, सुरुवातीच्या सिफिलिसवर पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते आणि क्लॅमिडियावर आठवडाभराच्या गोळ्या; संबंध आलेला असेल तर दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, नाहीतर संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. एचआयव्ही निघाला तर एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरील उपचारांच्या सरकारी केंद्रातून, औषधे मोफत मिळतात, आणि नियमित औषधांनी रक्तातील विषाणू न सापडण्याइतके कमी राहिले तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. अशा जोडप्यांना निरोगी मुले झालेली मी पाहिली आहेत. तारीख बदलायची की नाही हे अहवाल आल्यावर दोघांनी समुपदेशकासमोर बसून ठरवावे. पत्रिका छापायला टाकण्यापूर्वी तपासणी उरकली तर तुम्हालाच सोयीचे होईल.