आईच्या भटकंतीवर पुस्तिका काढायची आहे, सुरुवात कुठून करू?

घाटवाट:
वर्षश्राद्धाला नातेवाइकांना द्यायला छोटी पुस्तिका हवी आहे. आई सत्तर-ऐंशीच्या दशकात सह्याद्रीत खूप फिरली. हाताशी आहे ते असं: चिकट पानांचे दोन अल्बम, निगेटिव्हच्या पट्ट्या, तिच्या आवाजातल्या तीन कॅसेट, मोहिमेवरून आम्हा मुलांना धाडलेली पोस्टकार्डं. फोटोंवर ना तारीख, ना जागा.

कातळ:
आधी कॅसेट. वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जाणार नाही. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टेप एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवा, मगच वाजवा. WAV मध्ये (आवाज न दाबता साठवणारी फाइल) उतरवा.
अल्बममधले फोटो ओढू नका, फाटतात. वरचं प्लास्टिक उचलून आधी पान आहे तसं ६०० डीपीआयला (दर इंचात ६०० ठिपके) स्कॅन करा. मग दातांचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. नाहीच निघाला तर राहू द्या, स्कॅन आहेच.

सोनकी:
जागा ओळखायला निगेटिव्ह धरा. अल्बममध्ये क्रम बदललेला असतो, पट्टीवरचे आकडे मात्र खरा क्रम सांगतात. एक फोटो पक्का ओळखू आला की शेजारचे उलगडत जातात. पोस्टकार्डाच्या शिक्क्यावरून तारीख जुळवा. नेढं, म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक, दिसलं की लगेच रतनगड लिहू नका, राजगडाच्या सुवेळा माचीलाही नेढं आहे. खात्री नसेल तिथे नुसतं ‘सह्याद्रीत’ पुरे.

जुळारी:
‘प्रेमळ, धाडसी’ असं सगळेच लिहून देतील आणि पानं एकसारखी होतील. त्यापेक्षा तिच्या सोबत्यांना नेमकं विचारा: सॅकमध्ये काय असायचं, पाणी संपलं तेव्हा काय केलं, मुलांना कोणाकडे ठेवून निघायची. पोस्टकार्डं दोन्ही बाजूंनी छापा, तिचं शुद्धलेखन सुधारायला जाऊ नका.
पिन बायंडिंगला पानं चारच्या पटीत लागतात, ४८ ठीक. छपाईला ३०० डीपीआय हवेत, म्हणजे ६०० ला स्कॅन केलेला फोटो दुप्पट मोठा छापता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवाल ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर फोटो दबून येतो.

घाटवाट:
मजकूर युनिकोडमध्ये आहे, प्रेसवाले जुना फॉन्ट वापरतात. चालेल?

जुळारी:
रूपांतरात ‘दऱ्याखोऱ्या’ हमखास फुटतं, रफारही सरकतात. फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच बसवलेली, पीडीएफच द्या आणि एक प्रत छापून वाचल्याशिवाय होकार देऊ नका.