मदत हवी आहे: घरातल्या वस्तू आणि झाडापानांची रोजची जलरंग स्केचेस, पण उन्हाळ्यात वॉश जमत नाही आणि वही बंद पडते

कोरा_कागद (भुसावळ)
नमस्कार मंडळी. रोज एक छोटं स्केच जलरंगात करायचं आहे. विषय घरातले आणि अंगणातलेच : केळी, भरताची वांगी, चहाचा कप, कडुनिंबाची डहाळी. अडचणी अशा :

१) पार्श्वभूमीचा वॉश (पाणीदार रंगाचा मोठा सलग थर) अर्ध्यावर पोचेपर्यंत सुरुवातीचा भाग वाळतो आणि मधे कडक रेघ पडते.
२) ट्यूबमधले रंग पॅलेटमध्ये वाळवून ठेवले की तडकतात, खपल्या निघून पडतात.
३) केळ्याची सावली करायला गेलं की पिवळा हिरवट, मळका होतो.
४) चार-आठ दिवस बरं चालतं, मग ‘आज काय काढू’ यातच वेळ जातो.

साहित्य : विद्यार्थी दर्जाच्या १२ ट्यूब, ए४ ची १५० जीएसएमची (चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाच्या कागदाची) चित्रकला वही, ६ आणि १० नंबरचे गोल सिंथेटिक ब्रश. पाणी बोअरचं. वेळ दुपारचा, जेवणानंतर अर्धा तास. बसते कूलरच्या समोर. आधी काय बदलू? कागद, रंग की वेळ?

पऱ्हाटी (चोपडा)
ताई, आधी बसायची जागा बदला, पैसे नंतर खर्च करा. पारा ४४ वर आणि समोरून कूलरचा झोत, मग वॉश टिकणार कसा? कूलरची खोली सोडू नका, तिथल्या हवेत ओल असते ती कामाचीच आहे. फक्त झोत कागदावर येऊ देऊ नका. छताचा पंखाही वॉश देताना बंद.

रेघ पडायचं दुसरं कारण हमखास हे असतं : रंग मधेच संपतो आणि तो परत कालवेपर्यंत कड वाळते. लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट रंग आधी वाटीत कालवून घ्या. पॅलेटच्या खळग्यात तेवढा मावत नाही, लोणच्याची छोटी स्टीलची वाटी घ्या. वहीच्या वरच्या कडेखाली दोन काडेपेट्या आडव्या ठेवून उतार द्या. १० नंबरचा ब्रश भरून घेऊन डावीकडून उजवीकडे एक पट्टा ओढा, खालच्या कडेला रंगाचा ओघळ साचेल. पुढचा पट्टा त्या ओघळाला टेकवून ओढायचा. शेवटी साचलेलं पाणी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. नाहीतर ते अर्धवट वाळलेल्या भागात मागे चढतं आणि फुलकोबीसारखे डाग पडतात. डाग पडलाच तर ओल्यात खरवडू नका, पूर्ण वाळू द्या.

आणि माझं स्पष्ट मत : एप्रिल-मे मध्ये ओल्यावर ओलं काम, म्हणजे ओल्या कागदावरच पुढचा रंग सोडायचा हट्ट सोडा. हवा कोरडी आहे तर थरांचं काम करा. पहिला थर दोन-तीन मिनिटांत वाळतो, लगेच दुसरा देता येतो. अर्ध्या तासात तीन थर आरामात होतात. पावसाळ्यात त्याच कामाला ताटकळत बसावं लागतं. ढगाळ आकाश, धुकट सातपुडा वगैरे जुलैसाठी ठेवा.

तापीकाठ (रावेर)
भाऊ, तुमनं म्हननं बराबर शे, पण कागदाचं टाळून चालणार नाही. १५० जीएसएमचा वहीचा कागद एका बाजूने भिजला की तिथले तंतू फुगतात, बाकीचे नाही, म्हणून कागद खालीवर होऊन पोकळ येतो. पोकळात रंग साचतो आणि वाळल्यावर तिथे गडद डबकं दिसतं. ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत) कागद घ्या. पॅडपेक्षा मोठा ताव स्वस्त पडतो. २२ × ३० इंचाच्या तावाचे ५.५ × ७.५ इंचाचे १६ तुकडे होतात. तेच अर्धे केले की ३२. रोजच्या सरावाला ३२ वालेच घ्या. लहान कागदावर वॉशही वाळायच्या आत पुरा होतो, म्हणजे पहिली अडचण निम्मी इथेच मिटते. शंभर टक्के कॉटनचा (कापसाच्या तंतूंचा) कागद परवडत नसेल तर रोजच्यासाठी साधा आणि रविवारी कॉटन, असं ठेवा. मात्र ओल्या थरांची तुलना दोन कागदांत करू नका. साध्या कागदावर दुसरा थर देताना खालचा उचलला जातो. तो हाताचा दोष नाही.

तडकणाऱ्या रंगांबद्दल : जलरंगात बांधणीला डिंक असतो आणि ओल धरायला ग्लिसरीन किंवा मधासारखं काही. ओल उडाली की डिंक ठिसूळ होतो. खळगा एकदम काठोकाठ भरला की वरची साय आधी वाळते, आतला भाग नंतर आकसतो, म्हणून भेगा पडतात. तीन वेळा थोडा थोडा भरा, प्रत्येक थर सावलीत एक दिवस वाळू द्या. अर्ध्या खळग्याला ग्लिसरीनचा एकच थेंब काडीने कालवा. औषधाच्या दुकानात मिळतं. दोन-तीन थेंब टाकले तर पावसाळ्यात रंग चिकट राहतो, पॅलेट बंद करताच बुरशी येते. पडलेल्या खपल्या फेकू नका, खळग्यात परत टाकून पाण्याचे दोन थेंब सोडा, जुळतात.

बोअरचं पाणीही बदला. जड पाण्यातले क्षार गडद रंगावर पांढुरकी झाक सोडतात. पिण्याच्या जारमधलं पाणी चालेल. दोन भांडी हवीत : एक ब्रश धुवायला, दुसरं फक्त रंग कालवायला.

हळदीचा_हात (जळगाव)
केळ्यावर येते. पिवळ्यात काळा टाकला की हिरवट होणारच, कारण बहुतेक काळे निळसर असतात. निळा टाकला तरी तेच. पिवळ्याची सावली रंगचक्रावर त्याच्या समोरच्या रंगाने, म्हणजे जांभळ्याने करायची, पण थेट नाही. क्रम असा :

आधी लेमन यलोचा अगदी पातळ थर, चकाकीची जागा कोरी सोडून. तो वाळल्यावर अंगच्या रंगाचा, जरा उबदार पिवळा. मग सावलीसाठी यलो ऑकरमध्ये बर्न्ट सिएनाचा कण आणि जांभळ्याचं ब्रशच्या टोकाएवढं बोट. रद्दी कागदावर लावून बघा, राखाडी-तपकिरी दिसला पाहिजे.

बहुतेकांचं केळं नळीसारखं गोल दिसतं, कारण सावली कडेपासून कडेपर्यंत विरघळवली जाते. केळ्याला धारा असतात. नीट बघा, दोन धारांमधला प्रत्येक पट्टा जवळजवळ सपाट असतो आणि त्याचा उजेड वेगळा असतो. धारेवर कड कडकच ठेवा, म्हणजे तुमच्या उन्हाळ्याचा फायदाच होईल. देठाजवळ हिरवट, टोकाला जवळजवळ काळं. तो काळा अल्ट्रामरीन + बर्न्ट सिएना घट्ट कालवून करा, ट्यूबमधला काळा डब्यातच राहू द्या.

भरताचं वांगं त्याहून सोपं वाटतं, पण फसवतं. आपलं जळगावकडचं वांगं जांभळं नाही, हिरवं. देठाकडून खाली पांढुरक्या रेषा उतरतात. त्या पांढऱ्या रंगाने वरून काढू नका. पहिला पातळ पिवळट हिरवा थर वाळू द्या, मग गडद हिरवा देताना त्या रेषा सोडत जा, त्याही तुटक. टोपीवरचे काटे सर्वांत शेवटी, ६ नंबरच्या टोकाने.

एक खबरदारी : स्टेशनरीच्या दुकानात ‘वॉटर कलर’ मागितलं तर कधी कधी पोस्टर कलर हातात ठेवतात. तो अपारदर्शक असतो, वर सांगितलेला एकही थर त्यात दिसणार नाही.

तापीकाठ (रावेर)
ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक बघायची सवय लावा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, बर्न्ट सिएना बहुधा पीबीआर ७. एकाच ट्यूबवर तीन-तीन क्रमांक असतील तर तो आधीच मिश्रण आहे. असे दोन कालवले की पाच-सहा द्रव्यं एकत्र येतात आणि चिखल होतो. १२ पैकी सहाच बाहेर ठेवा : लेमन यलो, यलो ऑकर, एक लाल, जांभळा, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना.

पथारी (नंदुरबार)
चौथ्या अडचणीला कुणी हात लावला नाही. विषय रोज शोधायचा नसतो. एका वस्तूला आठवडा द्या. समजा लाल मिरची. सोमवारी नुसती पेन्सिलची बाह्यरेषा, तीन वेळा. मंगळवारी एकाच रंगात उजेड, मध्यम, गडद. बुधवारी रंग, आधी नारिंगी पिवळा थर आणि त्यावर लाल, म्हणजे मिरची आतून पेटल्यासारखी दिसते. गुरुवारी तीच सुकलेली, सुरकुत्यांसकट. शुक्रवारी तोडलेली, बिया दाखवून. शनिवारी दोन मिरच्या एकमेकींवर, पडछायेसकट. रविवारी सुट्टी, किंवा बाहेरचं झाड.

बाहेरचं ऋतूप्रमाणे : पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये, बहावा एप्रिल-मेमध्ये, कापसाचं बोंड दिवाळीच्या आसपास. पळसाचं फूल तोडलं की लवकर मरगळतं, म्हणून रंग आधी लावा, बारकावे नंतर. त्याची खालची पेली (देठाजवळची वाटी) मखमली काळपट असते, ती गडद केल्याशिवाय केशरी उठत नाही. कडुनिंबाचं पान काढताना ते सरळ काढू नका. पान कोयत्यासारखं वाकलेलं असतं आणि बुडाशी दोन बाजू सारख्या नसतात. हे एवढं पकडलं तरी कडुनिंब ओळखू येतो.

उजेड एकाच खिडकीचा, ट्यूबलाइट बंद. दोन दिवे असले की दोन पडछाया पडतात आणि आकार सपाट होतो. पडछायेची कड पेन्सिलने सुरुवातीलाच आखून टाका, कारण ती सरकते. चाळीसगावच्या केकी मूस यांची (१९१२–१९८९) टेबलावर वस्तू मांडून घेतलेली छायाचित्रं पाहायला मिळाली तर अवश्य पहा. त्यांच्या घराचं आता संग्रहालय आहे. वस्तू साधी आणि उजेड नेमका म्हणजे काय, ते तिथे कळतं. शाळेत एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या वस्तुचित्राला मागे टांगलेला पडदा मात्र विसरा, त्या घड्यांतच अर्धा तास जाईल.

कोरा_कागद (भुसावळ)
सगळ्यांचे आभार. दुपारऐवजी सकाळी सहा-साडेसहाची वेळ जमू शकेल. दोन शंका. कापसाचं बोंड पांढऱ्या कागदावर पांढरं कसं दाखवायचं? आणि कागदाचे तुकडे आधीच कापून ठेवले तर खराब होतात का?

पऱ्हाटी (चोपडा)
सकाळची वेळ उत्तम, वॉश जास्त वेळ ओला राहतो.

बोंड रंगवायचं नाही, त्याच्या मागचं रंगवायचं. अल्ट्रामरीन + बर्न्ट सिएनाचा मध्यम राखाडी मागे लावा, कापसाची कड तुटक ठेवा, काही ठिकाणी ओल्या ब्रशने विरघळवा. कापसात सावली फक्त पाकळ्यांच्या फटीत, त्याच राखाडीला पाचपट पाणी घालून. वाळलेल्या बोंडाची टरफलं कडक, टोकदार, गडद तपकिरी. ती जितकी गडद, तितका कापूस पांढरा दिसेल.

तापीकाठ (रावेर)
तुकडे कापून ठेवा, पण पावसाळ्याआधी झिपच्या पिशवीत. कागदावर रंग लगेच आत शिरू नये म्हणून सरसाचा लेप असतो. सर्द हवेत तो ठिकठिकाणी खराब होतो आणि तिथे रंग टिपकागदासारखा शोषला जाऊन ठिपके दिसतात. तळहाताचं तेल, घामही लागू देऊ नका, कडेनेच धरा. ज्या बाजूवर काम करायचं तिच्या मागे पेन्सिलने फुली मारून ठेवा, कापल्यावर उलटसुलट कळत नाही.