ग्रीक बेटावरच्या तावेर्नात (साध्या खाणावळीत) दुपारचं जेवण : काय, कधी, कसं मागवावं

नाक्सोस, पारोस, सिफ्नोस या ग्रीक बेटांकडे ज्यांचं जाणंयेणं आहे त्यांनी कामाचं तेवढं लिहा. निळ्या पाण्याचे फोटो नकोत. (आलेली उत्तरं एकाखाली एक.)

*

गावकरी अडीच-तीनला जेवायला येतात. एकच्या सुमारास गेलात तर पाण्याकाठचं टेबल मिळतं. 'मायिरेफ्ता' म्हणजे सकाळीच शिजवून ठेवलेले पदार्थ (गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो-ढोबळी मिरच्या, ब्रियाम म्हणजे भट्टीत भाजलेल्या भाज्या, मुसाका म्हणजे वांगी-खिम्याचे थर) दुपारीच खावेत. रात्री तळाचं वाट्याला येतं. हे पदार्थ कोमटच वाढतात. शिळं समजून परत पाठवू नका.

*

मासा बर्फावरचा निवडा आणि समोर वजन करायला लावा. मेन्यूतला भाव किलोचा असतो: किलोला ६० युरो असेल तर ७०० ग्रॅमच्या माशाचे ४२. वजन सहसा साफ करण्याआधीचं, हेही धरा. 'एवढासा तर मासा!' ही बिलावरची भांडणं इथूनच सुरू होतात. नावापुढे चांदणी किंवा 'कात.' असेल तर माल फ्रोझन.

जुलै-ऑगस्टात मेल्तेमी हा उत्तरेचा वारा जोरात लागला की छोट्या होड्या बंदरातच अडकतात आणि ताजा मासा कमी होतो. अशा वेळी पारोसवर 'गूना' मागवा: बांगड्याच्या भाऊबंदांतला कोलियोस, उभा चिरून उन्हात वाळवलेला आणि मग निखाऱ्यावर भाजलेला. मारिदा ही तळलेली बारीक मासळी मात्र डोक्याकाट्यासकट खायची. सोलत बसलात तर हातात काही उरणार नाही.

*

शाकाहाऱ्यांसाठी : 'तारामोसलाता'त माशांची अंडी असतात, नावावर जाऊ नका. 'मेलित्झानोसलाता' म्हणजे वांग्याचं भरीत, ते चालतं. दोल्मादेसमध्ये (भात भरून गुंडाळलेली द्राक्षाची पानं) कधी खिमा असतो, 'होरीस क्रेआस?' (मांसाशिवाय?) असं विचारा. सांतोरिनी बेटाचा 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा, केपर (खारवलेल्या बारीक कळ्या) आणि ऑलिव्ह तेल. ही डाळ विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण. होरियातिकी (टोमॅटो-काकडी-फेटा चीजचं गावरान) सॅलडमध्ये लेट्यूस नसतो; दिसला तर ते पर्यटकांचं सॅलड.

*

ऊझो या बडीशेपेच्या वासाच्या ग्रीक दारूत आधी पाणी, मग बर्फ. बर्फ थेट टाकला तर बडीशेपेसारखा वास देणारं अ‍ॅनेथोल गोठून वर पापुद्रे धरतं. पाण्याने दुधाळ होणं मात्र योग्यच. सुटी वाइन 'किलो'त मोजतात. 'मिसोकिलो' म्हणजे अर्धा लिटर.

*

वरच्या सगळ्यात भर एवढीच, की एकदम ऑर्डर देऊ नका. इथे क्रम पाळत नाहीत, जे तयार होईल ते येतं आणि तळलेलं गार होतं. चौघांना एक होरियातिकी, फावा, तळलेली कोलोकिथाकिया (झुकिनीच्या चकत्या) आधी. हे अर्धं संपलं की मासा सांगा. ताटं वेगळी नाहीत, सगळं 'स्ती मेसी', मधोमध. पाव न मागता येतो आणि माणशी लावला जातो, नको असेल तर ठेवतानाच सांगा.

बिल मागितल्याशिवाय कुणी आणत नाही: 'तो लोगारियास्मो, पाराकालो'. त्यासोबत बहुतेकदा कलिंगड फुकट येतं, म्हणून गोड आधीच मागवू नका.