मदत हवी आहे: १९६९ची फियाट ११०० डिलाइट, खालचा पत्रा कुजलाय, सुरुवात कुठून करावी?

अबोली (बार्देश)

गाडी फियाट ११०० डिलाइट, १९६९ची, जीडी मालिकेचा (गोवा-दमणचा) जुना नंबर. घर समुद्रापासून जवळ, गाडी बरीच वर्षं पडवीत झाकून उभी. सध्याची स्थिती अशी: पुढच्या दोन्ही सीटसमोरचा फ्लोअर आरपार गेलाय, डाव्या दाराखालच्या सिलमध्ये स्क्रूड्रायव्हर सहज घुसतो, जॅक लावायची जागा दाबली की भुगा पडतो. इंजिन फिरत नाही. ब्रेकचं पेडल थेट तळाला जातं.

काम घरीच करायचं आहे. सीओटू वेल्डिंगचं मशीन आहे, पातळ पत्र्याचा सराव आहे. बेत असा: आधी इंजिन चालू करायचं, मग पत्रा, पावसाआधी प्रायमर मारून ठेवायचा आणि चतुर्थीनंतर रंग. शिवाय डायनमोच्या जागी अल्टरनेटर, पुढे डिस्क ब्रेक आणि पाच गिअरचा बॉक्स. यात काय बदलावं? विंटेज नोंदणी मिळेल का?

पानेवाला

इंजिन थांबू शकतं, सिल थांबणार नाही. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार उचलते. दाराखालची सिल म्हणजे तिचा कणा. दोन्ही बाजूंचा फ्लोअर एकदम कापलात तर गाडी मधोमध खचते, आणि नवा पत्रा त्या खचलेल्या आकारातच पक्का बसतो. मग दारं कधीच नीट लागत नाहीत.

कापण्याआधी दारांच्या फटी वरून खालपर्यंत मोजून लिहून ठेवा. दोन्ही बाजूंच्या दारांच्या चौकटीत २५ मिमी चौकोनी पाइपचा आडवा-तिरका आधार बसवा. गाडी कुजलेल्या जॅक पॉइंटवर नको. घोड्या (जॅक स्टँड) पुढच्या क्रॉसमेंबरखाली, म्हणजे आडव्या तुळईखाली, आणि मागे पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ लावा. एका वेळी एकच बाजू उघडा. आधी सिल, मग फ्लोअर. दर टप्प्याला दार लावून फट पुन्हा मोजा, आणि ती जुळली तरच टाके पक्के करा.

पत्रा सीआरसी (कोल्ड रोल्ड, बिनमुलाम्याचा) घ्या: फ्लोअरला २० गेज, सिलच्या आतल्या पट्टीला आणि जॅक पॉइंटला १८ गेज. जीआय (जस्ताचा मुलामा असलेला) पत्रा नको, जस्ताचा धूर विषारी असतो आणि टाकाही सच्छिद्र येतो. वेल्डिंगची वायर ०.८ मिमी. सलग ओढू नका. एक ते दीड सेंटिमीटरचा टाका, मग लांबच्या टोकाला दुसरा. पहिला हात लावण्याइतका निवला की परत तिकडे. सलग वेल्डिंगने पत्रा तापून फुगतो, आणि ते फुगवटे लपवायला लोक लांबी (पुट्टी) थापतात.

बॅटरीच्या वायरी काढा. पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते.

खाजन

वेल्डिंगबद्दल वरचं सगळं मान्य. पण किनाऱ्यावर खरी लढाई मिठाशी आहे. गंजाच्या खड्ड्यांत क्लोराइड बसून राहतं, हवेतला ओलावा ओढतं, आणि वर कितीही महाग रंग असला तरी खालून फोड येतात.

म्हणून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, गोड्या पाण्याने प्रेशरने धुवा (विहिरीचं पाणी मचूळ असेल तर नळाचंच वापरा), सुकवा आणि रात्रभर तसाच सोडा. सकाळी जिथे काळपट-तपकिरी ठिपके उठतील, तिथे मीठ आहे. तेवढा भाग पुन्हा घासा, पुन्हा धुवा. ठिपके थांबेपर्यंत पुढे जाऊ नका. मूळ गंज आणि मीठ तसंच ठेवून वर रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) फासणं म्हणजे काम पुढे ढकलणं.

गंज काढायला संडास साफ करायचं ॲसिड काही जण सुचवतील. अजिबात नको. ते हायड्रोक्लोरिक, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने क्लोराइड चोळताय. फॉस्फोरिक वापरायचं तर उघड्या सपाट भागावरच, ओलं असतानाच धुऊन टाका आणि दुमडीत, जोडात शिरू देऊ नका. तिथून ते निघत नाही.

पावसाआधी प्रायमर मारून ठेवायचा बेत मात्र सोडा. प्रायमर सरफेसर (रंगाआधी घासून सपाट करायचा थर) सच्छिद्र असतो, चार महिन्यांच्या दमट हवेत पाणी शोषतो आणि खालचा पत्रा गंजतो. लांबीचंही तसंच. स्वच्छ पत्र्यावर त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, दोन हात. एवढ्यावर गाडी छपराखाली पावसाळा काढेल. लांबी लागलीच तर इपॉक्सीच्या वर, पातळ. पावसाळ्यानंतर इपॉक्सी घासून सरफेसर, आणि रंग डिसेंबर ते फेब्रुवारीत. चतुर्थीनंतर लगेच हवा कोरडी झालेली नसते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग दमट हवेत पांढुरका पडतो. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा मास्क त्यापुढे पुरत नाही. तो शेवटचा हात बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घेणं शहाणपणाचं.

पानेवाला

पावसाळ्याचे चार महिने इंजिन आणि ब्रेकला द्या. जाम इंजिनला स्टार्टर लावू नका, रिंग तुटते. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं मिश्रण दोन-तीन चमचे घाला, काही दिवस मुरू द्या. मग क्रँकच्या पुलीच्या नटला पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. जोर लावून फिरवण्यापेक्षा पुन्हा मिश्रण घालून थांबणं बरं. सुटलं नाही तर हेड उघडा. सुटल्यावर ऑइल बदला, ते मिश्रण खाली उतरलेलं असतं. इंधनाचे सगळे रबर पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घ्या. आजच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगून चिरतं.

चारही ड्रम खोला. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा. रबरांना पेट्रोल लागू देऊ नका. पेडल तळाला जातंय म्हणजे बहुधा एखादा व्हील सिलिंडर गळतोय, आणि इथे सर्किट एकच असल्याने एक गळला की सगळे ब्रेक गेले. म्हणून डिस्कपेक्षा टँडम मास्टर सिलिंडर (दोन वेगळी सर्किटं देणारा) हा बदल जास्त मोलाचा. बोअर मूळचाच ठेवा. मोठा घेतला तर पेडल कडक होतं. आणि ड्रमसाठी लागणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) त्यात आहे का ते बघा, नाहीतर दर वेळी पहिलं पेडल खोल जाईल.

अल्टरनेटर जरूर करा. डायनमो आयडलवर जवळजवळ चार्जच करत नाही. मारुती ८००चा, आतच रेग्युलेटर असलेला, फियाटवाले सर्रास बसवतात. पुली सरळ रेषेत, बॅटरीपर्यंत ६ चौरस मिमी वायर फ्यूजसह, जुना कटआउट डबा (डायनमोचा रेग्युलेटर) दिसायला जागेवर पण वायरी बाहेरून. चार्जिंगच्या दिव्याचा बल्ब शाबूत हवाच, त्यातून येणाऱ्या करंटवर अल्टरनेटर जागा होतो. काढलेला डायनमो जपून ठेवा.

तिसवाडीकर

नोंदणीबद्दल. केंद्राचे जुलै २०२१चे नियम: गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी, खाजगी, आणि चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नसलेली. नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी. पुढे नूतनीकरण ५,०००. पण विंटेज वर्गात गेल्यावर रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती अशाच कारणांसाठी. बाजाराला जायचं असेल तर आधी जुनं आरसी जिवंत आहे का ते आरटीओत तपासा आणि साधं नूतनीकरण घ्या.

पाच गिअरच्या बॉक्ससाठी फ्लोअरचा बोगदा (मधला उंचवटा) कापावा लागेल. ज्या पत्र्यासाठी एवढं करताय, तोच. शिवाय स्टीअरिंगजवळचा गिअर जातो. माझं मत, नको.

अबोली

गिअरबॉक्स आणि डिस्क रद्द. एकच शंका: सिलच्या आतलं मीठ कसं काढायचं? तिथे हात पोचत नाही.

खाजन

डावी सिल उघडणारच आहात, आतली बाजू तेव्हाच घासून, धुऊन, इपॉक्सी मारून घ्या. जोडाच्या कडांना मात्र वेल्ड-थ्रू जस्त प्रायमर (ज्याच्यावरून वेल्डिंग करता येतं). उजवी शाबूत असेल तर पुढच्या टोकाकडून लांब नळीने पाणी सोडा, खालच्या निचऱ्याच्या भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग ब्लोअरने एक-दोन दिवस सुकवा. कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत आतून मारायचं मेण) सगळं वेल्डिंग आणि रंग संपल्यावरच, आधी मारलं तर पेट घेईल. लांब नळीच्या नोझलने दोन हात मारा, नंतर निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. वॅक्सने ती बुजली तर सिलमध्ये पाणी साठेल.