प्रौढ दत्तक व्यक्तींचा आधारगट: आत कोण असावे, बाहेर कोण?

पारिजात

नमस्कार. मी दत्तक आहे आणि समजू लागल्यापासून मला ते माहीत आहे. आईबाबांनी ते कधी लपवले नाही, आणि आमच्या नात्यात सांगण्यासारखा दुरावाही नाही. तरीही ज्या गोष्टी त्यांच्याशी, नवऱ्याशी किंवा जवळच्या मैत्रिणींशी बोलताना मी अर्ध्यावर सोडून देते, त्या दुसऱ्या दत्तक व्यक्तीशी पहिल्याच भेटीत पुरत्या बोलता येतात, असा अनुभव ओळखीच्या ओळखीतून एकत्र आलेल्या आम्हा काही जणांना अलीकडे आला. आमच्यापैकी एकाच्या कागदपत्रांत जन्मतारखेपुढे ‘अंदाजे’ असे लिहिलेले आहे. वाढदिवसाला सगळे शुभेच्छा देत असताना आपण सकाळपासून कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखे अस्वस्थ असतो, असे त्याने सांगितले, तेव्हा त्या खोलीत कोणालाही त्याला ‘म्हणजे काय?’ असे विचारावे लागले नाही.

आता आम्हाला दरमहा नियमित भेटायचे आहे आणि आणखी लोकांना बोलवायचे आहे. पण ठरवायला बसलो की तेच मुद्दे पुन्हा पुन्हा अडतात. दत्तक पालकांना आणि मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या जोडप्यांना येऊ द्यावे, त्यांना आमच्याकडून शिकता येईल, असे दोघांचे म्हणणे आहे. मुले दत्तक देणारी एक संस्था आपले सभागृह आणि समुपदेशक विनामूल्य द्यायला तयार आहे, ते घ्यावे की नाही यावर एकमत होत नाही. काहींना जन्मदात्या आईवडिलांचा शोध घ्यायचा आहे, तर काहींना त्या विषयाची चर्चासुद्धा नको आहे. बोलता बोलता कोणी फार कोलमडले तर काय करायचे, हेही आम्हाला नीट कळत नाही. ज्यांनी असा गट चालवला आहे किंवा जे अशा गटात जातात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

क्षितिज_न

पारिजातताई, मी स्वतः दत्तक आहे आणि काही वर्षांपासून अशा एका गटाचे काम पाहतो आहे. पालकांविषयीचा तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे माझे उत्तर स्पष्ट आहे. नियमित बैठक केवळ दत्तक व्यक्तींची असावी. पालक वाईट असतात म्हणून मी हे म्हणत नाही. समोर एखादी दत्तक आई बसलेली असली की, मग ती स्वतःची नसून दुसऱ्या कोणाची का असेना, आपल्यातला पन्नाशीचा माणूससुद्धा क्षणात मूल होतो आणि तिला वाईट वाटू नये म्हणून आपले वाक्य मऊ करून मांडू लागतो. हे सांभाळून घेणे आपण जन्मभर करत आलेलो असतो. महिन्यातले दोन तास तरी त्यातून सुटका व्हावी, यासाठीच हा गट आहे. पालकांना ऐकायचे असेल तर वर्षातून एखादी वेगळी, खुली सभा घ्यावी आणि तिथे काय बोलायचे ते गटाने आधी ठरवावे.

दत्तकविधानाबद्दल फार काळ सामाजिक कार्यकर्ते, संस्था, न्यायालये आणि पालक बोलत आले, आणि ज्यांचे आयुष्य त्यातून घडले ती माणसे त्यांच्या लेखी कायम ‘मुले’च राहिली. अमेरिकेतील जीन पेटन या समाजकार्यकर्त्या स्वतः दत्तक होत्या. त्यांनी १९५३ मध्ये प्रौढ दत्तक व्यक्तींशी संपर्क साधून त्यांचे अनुभव गोळा करायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी चाळीस जणांच्या कथनांवर आधारलेले पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हा दत्तक माणसाला प्रौढ म्हणून काही विचारावे ही कल्पनाच नवी होती. पुढे १९७१ मध्ये फ्लॉरेन्स फिशर यांनी न्यूयॉर्कमध्ये दत्तक व्यक्तींची संघटना उभारून बंदिस्त नोंदी खुल्या करण्याची मागणी लावून धरली. १९९९ मध्ये कोरियातून निरनिराळ्या देशांत दत्तक गेलेले सुमारे ४०० प्रौढ वॉशिंग्टनमध्ये एकत्र जमले आणि त्यानंतर २००१ मध्ये ओस्लोला व २००४ मध्ये सोलला त्यांची संमेलने झाली. सोलचे संमेलन मला विशेष वाटते, कारण ज्या देशाने त्यांना लहानपणी बाहेर पाठवले, तिथे ती माणसे कोणी नेले म्हणून नव्हे, तर स्वतः ठरवून, एकमेकांच्या सोबतीने गेली.

संस्थेच्या सभागृहाविषयी मी सावध राहीन. ती संस्था कितीही सद्भावनेने मदत करत असली, तरी तुमच्यापैकी कोणाची तरी धारिका तिच्या कपाटात असू शकते, आणि ती पाहायला मिळावी म्हणून त्याच संस्थेशी त्याचा पत्रव्यवहार चालू असू शकतो. अशा माणसाने तिच्याच छताखाली, तिच्याच समुपदेशकासमोर मोकळे व्हावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही. वाचनालयाची खोली, एखाद्या शाळेचा सुटीच्या दिवशी मोकळा असलेला वर्ग किंवा कोणाचे घर यांपैकी काहीही चालेल. घर निवडलेत तर ते दर वेळी एकाच व्यक्तीचे नसावे, नाहीतर यजमान आणि पाहुणे अशी विभागणी होते आणि यजमानाला स्वतःविषयी बोलायला मिळत नाही.

बैठकीचे नियम थोडे ठेवा, पण ते काटेकोर पाळा. आमच्याकडे कोणी विचारल्याशिवाय सल्ला देत नाही आणि ऐकलेले बाहेर नेत नाही. दुसऱ्याची भावना दुरुस्त करायला तर सक्त मनाई आहे. हा शेवटचा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते. एकाला आपल्या आईवडिलांबद्दल केवळ कृतज्ञता वाटते, दुसऱ्याला आपल्या वाट्याला आलेल्या दत्तकविधानाचा संताप असतो, आणि दोघांनाही समोरचा आपल्यावर आरोप करतो आहे असे वाटत राहते. संयोजकाने तिथे निवाडा करू नये. कृतज्ञ माणसाला दुःख असू शकते आणि संतापलेल्या माणसाचे आपल्या आईवर अतोनात प्रेम असू शकते, हे काही बैठकांनंतर लोकांना एकमेकांकडे पाहूनच उमगते.

नवीन व्यक्तीला थेट गटात बसवण्यापूर्वी संयोजकांपैकी एकाने तिला स्वतंत्र भेटावे, एवढे मात्र जरूर करा.

उशिरा_कळलेला

वरील बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे, पण एका मुद्द्याकडे लक्ष वेधू इच्छितो. आपण दत्तक आहोत हे प्रत्येकाला लहानपणापासून माहीत असते, असे गृहीत धरू नये. मला ते चाळिशी उलटल्यावर, वडिलांच्या मृत्यूनंतर कागदपत्रे आवरताना कळले. दत्तक असण्यापेक्षा मला अधिक लागले ते हे, की मामा, आत्या, शेजारी, अगदी माझ्याहून लहान चुलतभावालाही ते ठाऊक होते. मी ज्या पहिल्या गटात गेलो तिथे सर्वांजवळ लहानपणापासून घडवलेले शब्द होते आणि माझ्याजवळ काहीच नव्हते. ‘तुम्हाला लहानपणी कसे सांगितले?’ या ओळखीच्या प्रश्नाने बैठक सुरू झाली आणि माझी पाळी येईपर्यंत उठून जावेसे वाटत राहिले. त्यामुळे ओळख करून घेताना प्रश्न असा असावा की, ज्याच्यापाशी कहाणी नाही त्यालाही उत्तर देता यावे. ‘आज येथे यावेसे का वाटले?’ एवढे पुरते.

क्षितिज यांनी सुचवलेली आधीची भेटही आपल्याला पारखण्यासाठी आहे असे नव्या माणसाला वाटू शकते. कागदपत्रे किंवा पुरावा कोणीही मागू नये. आपल्यापैकी अनेकांचे सगळे आयुष्य दुसऱ्याने लिहिलेल्या कागदांवर अवलंबून राहिलेले असते.

आणखी एक विनंती. पती किंवा पत्नीला निदान एखाद्या बैठकीला येऊ द्यावे. माझ्या पत्नीने माझ्या गटातील माणसांना पाहिल्यानंतर आमच्या घरातील बोलणे बदलले. मी कोठे जातो आणि तेथून परतल्यावर गप्प का असतो, हे तिला त्या दिवसापर्यंत समजत नव्हते.

दोघांची_आई

मी दत्तक पालक आहे. ही चर्चा तुमची आहे याची जाणीव ठेवून थोडक्यात लिहिते. माझी मोठी मुलगी अशा गटात जाते. तिथे काय बोलणे होते ते ती मला सांगत नाही आणि मी विचारत नाही. सुरुवातीला ते जड गेले, कारण तिच्या प्रत्येक दुखण्यात मी जवळ असावे अशीच माझी आई म्हणून सवय होती. परंतु तिथून आल्यावर ती माझ्याशी अधिक मोकळी असते. मागच्या वर्षी तिने प्रथमच तिच्या जन्मदात्या आईविषयी माझ्याशी बोलताना माझ्या चेहऱ्याकडे पाहून वाक्य थांबवले नाही. म्हणून पालकांना नियमित बैठकीत घेऊ नये, असे पालक असूनही माझे मत आहे. आम्हाला शिकायचे असेल तर आम्ही आमचा वेगळा गट करावा. आमच्या शिक्षणाचा भार आमच्या मुलांवर टाकू नये.

पारिजात, तुमच्या आईबाबांना मात्र गटाविषयी दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुम्हीच सांगावे असे मला वाटते. परवानगी मागण्यासाठी नव्हे. तुमच्या घरात आजवर काही लपवलेले नाही असे तुम्ही लिहिले आहे, आणि ते त्यांना तुमच्याकडूनच ऐकायला आवडेल.

वटवृक्ष

मी समुपदेशक आहे आणि दत्तकही आहे, तेव्हा कोलमडण्याविषयीच्या आणि शोधाविषयीच्या प्रश्नांवर लिहितो.

रडू येणे म्हणजे संकट नव्हे. कोणी रडू लागले की पाणी, रुमाल आणि समजुतीचे शब्द घेऊन सगळे एकदम धावतात आणि त्यामुळे त्या व्यक्तीचे बोलणे तुटते. थांबावे, ऐकावे. मात्र स्वतःला इजा करण्याचे विचार कोणी बोलून दाखवले, तर ते गंभीरपणे घ्यावे आणि त्याविषयी सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तसे विचार मनात रुजतात, ही समजूत खरी नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथील एका अभ्यासात दत्तक तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण दत्तक नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे चौपट आढळले. त्याच अभ्यासातील बहुसंख्य दत्तक तरुणांनी असा प्रयत्न कधीच केला नव्हता, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवे. भीती पसरवण्यासाठी हा आकडा वापरू नये, पण संयोजकांपाशी तातडीच्या मदतीचे दूरध्वनी क्रमांक आणि दत्तक प्रश्नांची जाण असलेल्या एकदोन समुपदेशकांची नावे असावीत. हे समुपदेशक गटाबाहेरचे असावेत. बैठक संपल्यावर अर्धा तास कोणीतरी मागे थांबण्याची पाळी लावून घ्या, कारण ज्याला खरोखर काही सांगायचे असते तो बहुधा सगळे उठल्यावरच बोलतो.

शोधाबद्दल माझा सल्ला असा की, त्यासाठी स्वतंत्र बैठक ठेवावी. कोणाला आई सापडली, कोणाला तिने भेटायला नकार दिला, कोणाला केवळ मृत्यूची नोंद मिळाली, असे सगळे एकाच संध्याकाळी एकत्र आले तर ज्यांना शोध नको आहे त्यांनाही त्याचा ताण सोसावा लागतो. स्वतःचे मूळ जाणून घेण्याची इच्छा म्हणजे पालकांशी बेइमानी, असे मानणाऱ्यांना एवढे सांगता येईल की जगाने ती इच्छा केव्हाच मान्य केली आहे. स्कॉटलंडमध्ये १९३० च्या कायद्याने दत्तक व्यक्तीला वयाच्या सतराव्या वर्षापासून मूळ जन्मनोंद पाहता येऊ लागली, इंग्लंडमध्ये त्यासाठी १९७५ चा कायदा यावा लागला, आणि आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग करारात मुलाच्या मूळ माहितीचे जतन करण्याची जबाबदारी देशांवर टाकलेली आहे. देशोदेशीचे नियम वेगळे असल्याने ज्याने अर्ज करून पाहिला आहे अशा सदस्याचा अनुभव गटाला फार उपयोगी पडतो.

डीएनए चाचणी करणाऱ्यांना एकटे सोडू नका. अहवालात अनोळखी व्यक्तीशी सुमारे २५ टक्के जुळणी दिसली की माणूस ‘भाऊ सापडला’ म्हणून संदेश पाठवायला धावतो, पण तेवढीच जुळणी काका, मावशी किंवा आजोबा यांच्याशीही असू शकते. त्या बाजूच्या घरात तुमच्या जन्माविषयी कोणालाच माहिती नसण्याचीही शक्यता असते. पहिला संदेश गटातील कोणाला तरी वाचून दाखवावा आणि किमान एक रात्र जाऊ द्यावी. उत्तर आले नाही तर पुढचे आठवडे कसे जातील, हे ज्याने भोगले आहे तोच सोबत करू शकतो. तिथे माझ्या व्यावसायिक शिक्षणापेक्षा तुमच्या गटातील माणूस अधिक कामाचा आहे.

पारिजात

सर्वांचे मनापासून आभार. काल आमच्यापैकी बहुतेक जण बोललो. नियमित बैठक केवळ दत्तक व्यक्तींची राहील, जोडीदारांसाठी वर्षातून दोनदा वेगळी भेट होईल आणि शोधाची बैठक स्वतंत्र असेल. संस्थेला आम्ही नम्रपणे नकार कळवला. सुरुवातीचा प्रश्नही उशिरा_कळलेला यांनी सुचवला तसाच ठेवतो आहोत. आईबाबांना मी रविवारी सांगणार आहे.

एक अडचण उरली आहे. आमच्यातील एक जण लहानपणीच परदेशात दत्तक गेला आणि आता येथे राहायला आला आहे. त्याला आपली भाषा येत नाही आणि ती येत नाही याचीच त्याला सर्वांत जास्त लाज वाटते. त्याच्यासाठी सगळी बैठक इंग्रजीत घेतली तर आमच्यातल्या दोघींना बोलता येणार नाही.

क्षितिज_न

बैठक आपल्याच भाषेत घ्या आणि त्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात सांगत राहणारी एक व्यक्ती ठरवा. हे काम दर वेळी वेगळ्या सदस्याने करावे, म्हणजे ते कोणा एकाचे ओझे होणार नाही आणि हळूहळू प्रत्येकाशी त्यांची ओळख होईल. ते बोलतील तेव्हा मात्र भाषांतर लगेच करू नका. आधी त्यांना त्यांच्या भाषेत पूर्ण बोलू द्या आणि मग ते सर्वांना सांगा. आमच्या गटात अशा एक ताई आहेत. त्यांचे बोलणे शब्दशः न कळणारेही बरेच जण ते शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकतात.